दुर्बिणीच्या तोंडाशी उडालेला रंग

जव्हारच्या बाजारात रंग विकणारी तीन दुकानं आहेत आणि तिन्ही दुकानांत मिळून हिरव्याच्या अकरा छटा मिळतात. मला हवी होती ती त्या अकरांतली नव्हती.

एरवी हे मला माहीत असायचं काही कारण नव्हतं. मी भूकरमापक आहे. लोकांच्या जमिनी मोजून हद्दी कायम करून देते. हल्ली हे काम रोव्हरने होतं. काठीच्या टोकावर बसवलेलं पांढरं यंत्र उपग्रहाकडून जागा विचारून घेतं, आपण फक्त काठी सरळ धरून उभं राहायचं. पण मार्चमध्ये वरून पत्र आलं. जिल्ह्याच्या ठिकाणी नव्या इमारतीत काचेच्या कपाटात मोजणीची जुनी उपकरणं मांडायची होती. आपल्याकडील जुने थिओडोलाइट स्वच्छ करून, रंग उडाला असल्यास तेवढ्याच जागी रंग लावून, शक्य झाल्यास मूळ मोजणीच्या जागी उभे केल्याचे छायाचित्र काढून पाठवावे, असा मजकूर होता.

थिओडोलाइट म्हणजे तिपाईवर बसवायची, कोन मोजायची दुर्बीण. ऑफिसात सगळे तिला दुर्बीणच म्हणायचे. ती दप्तरखान्यात सगळ्यात खालच्या फळीवर, सागवानी पेटीत होती. झाकण उघडलं तेव्हा जुन्या तेलाचा आणि कापराचा वास आला. झाकणाच्या आतल्या बाजूला कोणीतरी शाईने लिहिलं होतं : ‘सूर्यमाळ, १९६२’. त्यापुढे काही नव्हतं. तिच्यानंतर ऑफिसात नवी उपकरणं आली असतील आणि ही पेटीतच राहिली असेल.

अवस्था उत्तम होती. स्क्रू फिरत होते, काचांवर बुरशी नव्हती. रंग करडा हिरवा, पावसाळ्यानंतर भिंतीवर वाळून गेलेल्या शेवाळासारखा. तो फक्त दोन ठिकाणी गेला होता. दुर्बिणीच्या तोंडाशी, म्हणजे मोठी काच असते त्या टोकाला, नळीच्या डाव्या-उजव्या अंगाला एकेक लांबट ठिपका होता आणि तिथून पितळ चमकत होतं. ठिपक्यांच्या कडा तुटक नव्हत्या. हिरवा विरळ होत होत पितळात मिसळला होता.

पूर्ण रंगवली असती तर काम अर्ध्या दिवसाचं होतं. पण मग जुनी वस्तू जुनी राहिली नसती. मला तोच रंग हवा होता, दोन ठिपक्यांपुरता.

साहेब म्हणाले, “हर्षदाबाई, घरी घेऊन जा. सवडीने करा.” माझ्याकडे सवड असते हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे.

मी सरकारी क्वार्टरमध्ये एकटी राहते. दोन खोल्या आणि मागच्या खिडकीतून दिसणारी दरी. सात वर्षं झाली. सुरुवातीला बदलीचे अर्ज केले, कारण नवरा पालघरला होता. चार वेळा अर्ज केला. पाचव्यांदा करायचं कारणच उरलं नाही. रविवारी कधी कधी दूधवाल्याला “अर्धा लिटर” म्हणते आणि रात्री झोपताना लक्षात येतं की दिवसभरात आपण तेवढंच बोललो.

म्हणून खरं सांगायचं तर, तो रंग सापडायची मला घाई नव्हती.

ऑफिस सुटल्यावर मी पेटी स्कूटरवर बांधून बाजारात जायची. पहिल्या दुकानदाराने रंगाचं कार्ड पुढ्यात टाकलं आणि माझ्याबरोबर तोही वाकून बघत बसला. दुसऱ्याने दोन हिरवे एकत्र करून बघितले. एसटी स्टँडजवळच्या गॅरेजमध्ये मंगेश गाड्यांचे ओरखडे बुजवतो. त्याच्याकडे औषधासारख्या छोट्या बाटल्यांत प्रत्येक मोटारसायकलचा रंग होता. त्याने सहा बाटल्या उघडून पाहिल्या, मग मान हलवली. “मॅडम, हा गाडीच्या जातीचा रंगच नाय. नीताकडं बघा. आता हिरवं नेलपॉलिश बी निघालंय.”

मला हसू आलं, पण मी गेले. नीताचं कटलरीचं दुकान आहे. तिने तीन हिरव्या बाटल्या काढल्या, माझा हात ओढून काउंटरवर ठेवला आणि माझ्याच नखावर एक छटा लावून नळीशेजारी धरली. “नाही हो ताई, हा फारच नवा दिसतो,” ती म्हणाली. मी एक नख हिरवं घेऊन घरी आले. त्या महिन्यात मला कोणी हात लावला तो तेवढाच.

खोडाळ्याच्या रघूचं नाव मंगेशनेच सांगितलं. रघू बाजाराच्या दिवशी पत्र्याच्या पेट्या रंगवायला बसतो. लग्नातल्या, मुंबईला कामाला जाणाऱ्यांच्या, सगळ्या. “त्याचा डोळा मशीन हाय,” मंगेश म्हणाला.

बाजारात मोहाच्या फुलांचे ढीग लागले होते आणि त्यांचा आंबूस गोड वास सुक्या मासळीच्या वासात मिसळला होता. रघू एका पिंपळाखाली पेट्यांच्या मध्ये बसला होता. साठीचा असेल. बोटांच्या पेरांत रंग कायमचा बसलेला. त्याने दुर्बीण मांडीवर घेतली आणि रंगाकडे बघायच्या आधी त्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवला.

“कोण धरायचं हिला?” त्याने विचारलं.

“आमच्यासारखेच. मोजणीवाले.”

“धरून दाखवा मॅडम.”

मी मागच्या बाजूला बसले, डोळा लावायच्या काचेपाशी, आणि नेहमीसारखी धरली. माझी बोटं स्क्रूंवर आली. ठिपके माझ्यापासून वीतभर लांब, पलीकडच्या टोकाला होते. रघूने दुर्बीण फिरवली. तो पुढच्या बाजूला आला, मोठ्या काचेसमोर, आणि दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं. त्याचे अंगठे बरोबर त्या ठिपक्यांवर बसले.

“असं धरलं तर जमतं,” तो म्हणाला.

“उचलताना धरत असतील.”

“उचलताना अंगठे वर राहतात आन् भार बोटांवर येतो. आमच्या पेट्या बघा, कडीच्या खाली गेलेला असतो रंग.” त्याने शेजारच्या पेटीवर बोट ठेवलं. “आन् उचलून असा जात नाय. धरून उभं राहिलं म्हंजे जातो. लय दिवस.”

“पण पुढून धरून बघणार काय? सगळं बारीक दिसतं त्यातून.”

“ते मला काय ठावं.” त्याने हात काढून घेतले आणि ते पँटीला पुसले. रंग लागलेला नव्हता तरी पुसले.

मग त्याने रंग केला. हिरवा, त्यात काजळी, पिवळ्याचा एक थेंब, पांढऱ्याचा अर्धा. पेटीच्या झाकणावर लावून फुंकर घालून बघितला, पुन्हा काहीतरी घातलं. चौथ्या वेळी त्याने बोट नळीशेजारी धरलं आणि रंगलेलं बोट कुठे संपतं ते मला दिसेना. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत त्याने रंग भरून दिला.

“लावल्यावर दोन दिवस हात लावू नका,” तो म्हणाला. मी निघाले तेव्हा त्याने मागून हाक मारून पुन्हा सांगितलं, “तुमीच नाय. कोणीच नाय.”

सोमवारी संध्याकाळी मी ठिपके स्पिरिटने पुसले आणि बारीक ब्रशने रंग लावला. दुर्बीण टेबलावर, तोंड खिडकीकडे करून ठेवली. बुधवारी रंग वाळला होता. ठिपके होते कुठे, ते मला स्वतःला शोधावं लागलं. इतकं नीट जमलेलं काम बऱ्याच दिवसांत माझ्या हातून झालं नव्हतं. कोणाला तरी दाखवावं असं वाटलं. मी फोटो काढला आणि कोणाला पाठवायचा ते ठरेना म्हणून फोन ठेवून दिला.

रविवारी सकाळी केर काढताना पितळ चमकलं.

दोन्ही ठिपके परत उघडे होते. रंगाचा पोपडा निघालेला नव्हता, टेबलावर कपची पडलेली नव्हती. रंग झिजला होता. कडा पहिल्यासारख्याच विरळ, मधलं पितळ गुळगुळीत. पितळावर तेलकटपणा राहिला असेल, असं मी ठरवलं. धातूवर नुसता रंग टिकत नाही, आधी अस्तर द्यावं लागतं. दुकानातून प्रायमर आणलं. पॉलिश पेपरने घासलं, अस्तर लावलं, दोन दिवसांनी रंग, आणखी दोन दिवसांनी दुसरा हात. या वेळी त्या दिवसाचं वर्तमानपत्र शेजारी ठेवून फोटो काढला.

नऊ दिवस रंग राहिला. दहाव्या दिवशी ऑफिसातून आले तेव्हा तो गेलेला होता. अस्तरासकट.

आणि दुर्बीण फिरली होती. मी तिचं तोंड खिडकीकडे ठेवलं होतं. ते आता खोलीत आत वळलं होतं आणि मागचं टोक, डोळा लावायचं, माझ्या जेवायच्या खुर्चीकडे आलं होतं. मी पकड तपासली. घट्ट होती. ती सैल केल्याशिवाय नळी केसभरही हलत नाही.

मी पुढच्या बाजूला जाऊन उभी राहिले. कुठल्याही मोजणीवाल्याने करू नये ते केलं. दोन्ही हातांनी तोंड धरलं, अंगठे ठिपक्यांवर ठेवले आणि मोठ्या काचेला डोळा लावला. माझे अंगठे त्या ठिपक्यांत लहान पडत होते. आत माझी खुर्ची दिसली. जुन्या दुर्बिणीतून सगळं उलटं दिसतं, खालचं वर, आणि चुकीच्या बाजूने बघितलं तर बारीकही दिसतं. माझी खुर्ची नखाएवढी, वरून टांगल्यासारखी दिसत होती. तिच्यापुढे सकाळचं ताट. फार लांबच्या, दुसऱ्याच कोणाच्या घरातलं वाटत होतं ते. रोज तिथे बसून जेवणारी बाई तिथून कशी दिसत असेल, हा विचार माझ्या मनात आला आणि मी डोळा काढून घेतला.

मी दुर्बिणीवर टॉवेल टाकला. घाबरून नव्हे, धूळ बसू नये म्हणून, असं तेव्हा स्वतःला सांगितलं.

त्यानंतर मला ती लवकर पाठवून द्यायची होती. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी सुट्टी होती. फोटोचं काम उरकावं म्हणून मी पेटी मागे बांधली, तिपाई पायापाशी आडवी ठेवली आणि सूर्यमाळला निघाले. एकटीच. फोटोला दुसरं माणूस कशाला लागतं?

मोखाड्याच्या पुढे रस्ता चढत गेला. साग पानं टाकून उभे होते. डोंगरउतारांवर कुठे कुठे भाताच्या रोपांसाठी राब भाजल्याचे काळे चौकोन दिसत होते. सूर्यमाळच्या अलीकडच्या पाड्यावर टँकर यायचा होता. हंडे रांगेत लावून ठेवले होते आणि बायका सावलीला बसल्या होत्या. मोजणीचा जुना दगड कुठे आहे विचारलं तर एकीने शेवटच्या घराकडे हात केला. “चैतीला इचारा. तिच्या घरामागच्या टेकाडावरच हाय तो.”

चैतीमावशी सत्तरीच्या असाव्यात. पांढरे केस, काटक शरीर. ओट्यावर बसून त्या नागली निवडत होत्या. मी दगडाचं विचारलं. त्यांनी घरामागच्या टेकाडाकडे बोट दाखवलं. मग माझ्या स्कूटरवरच्या पेटीकडे बघत राहिल्या.

“ती हिरवी का?” त्यांनी विचारलं.

पेटी बंद होती. मी म्हटलं, “हो. तुम्ही पाहिली आहे?”

त्यांनी नागलीचं सूप बाजूला सारलं. माझं हेल्मेट आणि पिशवी घेऊन आत ठेवली.

टेकाडावर दगड होता. वर छिन्नीने कोरलेला बाण, शेवाळ धरलेला. मी तिपाई त्याच्यावर उभी केली, दुर्बीण बसवली, पाणसळीतला बुडबुडा मधोमध आणला. मग बाटली काढून ठिपक्यांना रंगाचा एक हात दिला. काही झालं तरी फोटोत पितळ दिसायला नको होतं. फोटो काढले. मागे दरी, दरीच्या पलीकडे कडा आणि कड्याच्या कपाळावर एक सपाट खडक. चांगले आले.

काम झालं होतं. पण दुर्बीण लावून झाल्यावर तिच्यातून न बघता उठणं मोजणीवाल्याला जमत नाही. मी मागच्या काचेला डोळा लावला आणि तो खडक शोधला.

कडा उलटा टांगलेला दिसला. झाडं खाली डोकं करून लोंबत होती, त्यांच्याखाली आभाळ. अपेक्षेप्रमाणेच. खडकही उलटा.

खडकाशी एक माणूस होता. तो सरळ होता.

डोकं वर, पाय खाली. त्याचं डोकं खडकाला टेकलेलं होतं आणि पाय खालच्या आभाळात सोडलेले होते.

मी डोळा काढला. नुसत्या डोळ्यांनी समोर कडा होता, खडक होता, वर उन्हाने थरथरणारी हवा. माणूस नव्हता. मी काच पुसली. स्क्रू तपासले. पुन्हा डोळा लावला.

तो होता. त्या अंतरावर माणूस जेवढा दिसायला हवा त्यापेक्षा मोठा. अंतर मला माहीत होतं, अडीच किलोमीटर. मी मनात गुणाकार केला. तो तिप्पट मोठा दिसत होता. कमरेला आखूड पंचा, डोक्याला काहीतरी गुंडाळलेलं. दोन्ही हात तोंडापुढे धरलेले. काहीतरी धरून डोळा लावावा तसे.

तो हलत नव्हता. उन्हाच्या झळांनी बाकी सगळं हलत होतं.

“दिसला?”

मी दचकून वळले. चैतीमावशी पाण्याचा तांब्या घेऊन वर आल्या होत्या. त्यांनी मला पाणी दिलं आणि दगडाच्या सावलीत बसल्या. दुर्बिणीकडे त्या बघत नव्हत्या.

“माझा चुलता व्हता,” त्या म्हणाल्या. “पोश्या नाव. साहेब आले मोजणीला, मी एवढुशी. चुलत्याला झेंडा दिला न् तिकडं धाडला, त्या खडकावर. सांगितलं, आमी लाल फडकं दोनदा हलवू, तवा ये. तवर हलू नको. मंग ढग उतरला. असा उतरला का आपला हात आपल्याला दिसंना. साहेबानं हलवलं बी असंल फडकं. ढगात कोणाला दिसतंय?”

“आणि ते तिथेच राहिले? सापडले नाहीत?”

“सापडला ना. तिसऱ्या दिशी आपला आपण घरी आला. जेवला, झोपला. मंग लगीन झालं, चार पोरं झाली. म्हातारा होऊन मेला, आंथरुणावर. बारा वर्सं झाली.”

मला बरं वाटलं. इतकं की मी हसले असेन.

“पण आजी म्हणायची, हा नाय,” चैतीमावशी म्हणाल्या. “घरात आलाय तो येगळा. माझा पोरगा तिकडंच उभा हाय, त्याला कोणी ये म्हणलं नाय. मरेपावतर म्हणायची. आन् चुलता बी रोज सांजंला हितं येऊन बसायचा, ह्या दगडावर. तिकडं बघत. मी एकदा इचारलं, काय बघता? तर म्हणाला, मला कवा बोलावतील?”

तांब्यात थोडं पाणी उरलं होतं. ते त्यांनी दगडावर ओतलं, तांब्या घेतला आणि टेकाड उतरून गेल्या.

माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. झळांमुळे प्रतिमा उलटते, मोठी होते, हे आम्हाला शिकवलेलं आहे. खडकाचीच एखादी चीर माणसासारखी दिसत असेल. हे सगळं मी स्वतःला क्रमाने सांगितलं. पण साठ वर्षं कोणी “झालं, ये आता” म्हणेल म्हणून उभं राहायचं म्हणजे काय, तेही माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मी सातच वर्षं उभी होते.

माझी ओढणी लाल होती.

मी ती काढली. दोन्ही हातांनी वर धरली आणि दरीकडे तोंड करून हलवली. एकदा. वाऱ्याने ती फडफडली. थांबले. मग दुसऱ्यांदा.

काही झालं नाही. खाली पाड्यावर टँकर आल्याचा गलका ऐकू आला. एक घार दरीवरून तरंगत गेली.

मी डोळा लावला. उलटा कडा, उलटी झाडं, उलटा खडक. खडक रिकामा होता.

मी दुर्बीण काढायला हात घातला आणि थांबले. अर्ध्या तासापूर्वी लावलेला रंग अजून ओला होता. दोन्ही ठिपक्यांवरून तो पुसला गेला होता. स्वच्छ. पितळ नुसतं चमकत होतं. मी माझी बोटं पाहिली. त्यांना रंग नव्हता.

पेटी भरली. तिपाई आवळली. टेकाड उतरायला मला दहा मिनिटं लागली असतील.

चैतीमावशी ओट्याखाली बसून राखेने एक जर्मनचा पेला घासत होत्या. मला बघून म्हणाल्या, “तुमचा माणूस येऊन गेला.”

“माझा माणूस? मी एकटीच आलेय.”

“पाणी मागितलं. लय तहानलेला. पाच पेले प्यायला उभ्या उभ्या.” त्यांनी पेला उचलून पाहिला. “हा रंग निघंना बघा.”

पेल्याच्या दोन बाजूंना, समोरासमोर, दोन लांबट हिरव्या खुणा होत्या. करडा हिरवा. राखेने फरफटलेल्या, पण ओल्या.

“कसा होता?”

“जवान व्हता. दारात उन्हाला पाठ करून उभा, तोंड नीट दिसलं नाय. आमच्यातलाच वाटला. म्हणाला, बायनी फडकं हलवलं.”

मी घड्याळ पाहिलं. ओढणी हलवून वीस मिनिटं झाली होती. त्या कड्यावरून दरी उतरून, चढून या पाड्यावर यायचं तर चपळ माणसालाही दोन तास लागतात.

“आणखी काही बोलला?”

“इचारत व्हता, ती बाय कठं राहते.”

मी पेटी स्कूटरवर ठेवली. दोरी हातात होती, पण गाठ कशी मारायची ते आठवेना.

“मग काय सांगितलंत तुम्ही?”

“खरं तेच सांगितलं. जव्हारला म्हणलं, सरकारी खोल्या हायत तिथं. एकटीच असते.”

त्यांनी आतून माझं हेल्मेट आणि पिशवी आणून दिली. दोरीची गाठही त्यांनीच मारली. मी स्कूटर सुरू केली तेव्हा त्या रस्त्यापर्यंत माझ्याबरोबर आल्या आणि जव्हारकडे जाणाऱ्या वळणाकडे, उन्हाला हात आडवा धरून, बघत म्हणाल्या,

“सावकाश जा, बाय. आताच निघालाय तो, पायी. वाटंत भेटंल.”